पांघरूण

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी झाडं वाचायला निघते.
कमरेला कोयता, गळ्यात दुर्बीण,
पिशवीत पानात घट्ट बांधलेला कसावा.
प्रत्येक खोडाला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा.
झाडाखाली उभं राहायचं, मान मागे टाकायची
आणि चार रकाने भरायचे:
कोवळी पालवी. फूल. कच्चं फळ. पिकलं फळ.
असेल तितका आकडा. नसेल तर शून्य.

बाबा हेच काम करायचे.
त्यांची मान शेवटी इतकी आखडली
की चर्चमध्येही ते छताकडे बघत बसत,
आणि पाद्री म्हणे, बघा, दिमोतोची श्रद्धा.
त्यांच्या सत्तावीस वह्या माझ्याकडे आल्या,
वाळवीनं कडा खाल्लेल्या.
त्यांच्या अक्षरात चार, तीन, चार;
दोनशे एकोणीस नंबरच्या मोआबीपाशी एकदा तर
आकड्याऐवजी नुसतं: बाप रे.

माझ्या अक्षरात शून्य.
शून्य काढायला सोपं, हात आपोआप वळतो.
एका पानावर इतकी झाली
की माझ्या मुलाला वाटलं, मी फळंच काढतेय.

ओगोवेच्या काठी कोरडे महिने म्हणजे ऊन नव्हे.
जून लागला की आभाळ राखेचं होतं,
दिवसभर सूर्य नाही, पाऊसही नाही,
आणि रात्री गवताळ टेकड्यांवरून गारवा उतरायचा.
आई पेटीतलं लोकरीचं पांघरूण काढायची.
बाबा म्हणत, काही झाडांना थंडीचा एक चिमटा लागतो,
मगच ती फुलायचं मनावर घेतात.

जून अजून येतो. आभाळ राखेचं होतं.
पांघरुणाची तीन वर्षं घडी मोडलेली नाही.

हत्ती मात्र जुन्या वाटेनं येतात.
ती वाट झाडाकडून झाडाकडे जाते,
कुणा पणजीनं पायांनी लिहून ठेवलेली.
ठरल्या आठवड्यात येऊन उभे राहतात,
सोंडेनं पाचोळा चाचपतात,
तारीख पाळून लग्नाला यावं
आणि मांडवच नसावा, तसे.
बरगड्या मोजता येतात. मी मोजल्या.
त्यासाठी रकाना नाही.

मग ते युलालीमावशीच्या केळीत शिरतात.
ती रात्रभर पातेलं बडवते, शिव्या घालते,
सकाळी मला विचारते,
"आणि माझ्या पोटाचा आकडा? तो कुठे लिहितेस?"

गेल्या जुलैत, पहाटे तीनला,
मँगनीजची मालगाडी पूल ओलांडून गेली
आणि मी जागी झाले.
थंडीनं.
दात वाजत होते, अंगावर काटा.
आली, म्हटलं. आली!
अंधारात पेटी उघडली,
डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट पांघरूण ओढलं,
आधी मुलावर टाकलं,
अनवाणी बाहेर येऊन
खांबावरच्या तापमापकावर विजेरी धरली.

तेवीस.

काच पुसली. तेवीस.
मागे मुलानं पांघरूण लाथाडलेलं, कपाळ घामानं चिंब.
हीव माझं एकटीचं होतं,
आणि त्याच्यामागून ताप.

चार दिवस गोळ्या आणि कडू तोंड.
पाचव्या दिवशी निघाले, उशीर झाला होता.
दोनशे एकोणीसपाशी पाय लटपटले,
तेव्हा बुंध्याशी बसूनच मान वर केली.
वरून एक धनेश गेला, नुसता पंखांचा आवाज.
शेंड्याजवळच्या फांदीवर काहीतरी फिकट होतं.
फूल असेल. वाळकं पान असेल.
दुर्बीण हलत होती, की मीच.

वीस मिनिटं बसले.
शून्यासाठी हात वळू लागला,
तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.